पहिला मान जावयाचा

पोकर नावाच्या पत्त्यांच्या खेळात सगळ्यांत वाईट जागा कोणाची, तर जो सगळ्यांच्या आधी बोलतो त्याची. आणि वऱ्हाडात सगळ्यांत मानाची जागा कोणाची, तर जावयाची; कारण त्याला सगळ्यांच्या आधी बोलायला लावतात. ह्या दोन गोष्टी एकाच सतरंजीवर आल्या की माणसाचं काय होतं, हे मी २०२५ च्या आखाजीला सासुरवाडीच्या अंगणात, साडूच्या देखत अनुभवलं. साडूच्या देखत हे महत्त्वाचं. एकट्यात झालेला अपमान माणूस विसरतो.

मी राहतो घाटावर, बुलढाण्याला. सासुरवाडी घाटाखाली, जळगाव जामोद तालुक्यात, पूर्णेच्या अंगाला. आमच्या जिल्ह्याचे तालुके तेरा, सहा घाटावर आणि सात घाटाखाली. रमीतही पानं तेराच असतात. जिल्ह्याच्या नकाशाकडे पाहिलं की मला नेहमी वाटतं, कुणीतरी तेरा पानं वाटली आणि लावायच्या आधीच जेवायला उठून गेला. लोणारचं विवर आहे, शेगावचे गजानन महाराज आहेत, सिंदखेडराजाला जिजाऊंचं जन्मस्थान आहे, खामगावला चांदी आहे, नांदुऱ्याला १०५ फुटी हनुमान उभा आहे. एकेक पान असं की दुसऱ्या जिल्ह्याने उचलून घ्यावं. पण सिक्वेन्स काही लागत नाही. जालना-खामगाव रेल्वे नावाचा जोकर शंभर वर्षांपासून येतो येतो म्हणतोय, तो आला की लागेल म्हणतात.

तर आखाजी. आमच्याकडे अक्षय्य तृतीयेला आखाजी म्हणतात. सकाळी पितरांची घागर भरायची, दुपारी आंब्याचा रस आणि पुरणपोळी हाणायची, आणि ऊन कलल्यावर पत्ते कुटायला बसायचं. खानदेशात तर ह्या दिवशी पत्ते न खेळणाऱ्याकडे लोक संशयाने बघतात, आणि खानदेशची हवा आमच्या घाटाखाली सरळ शिरते. एरवी हा कार्यक्रम रमीवर किंवा मेंढीकोटवर भागतो. मी मेंढीकोट बरा खेळतो, कारण त्यात जोडीदार असतो आणि हरल्यावर त्याचं नाव घेता येतं.

पण त्या वर्षी मेव्हणा पुण्याहून पोकर शिकून आला होता. तो हिंजवडीत कॉम्प्युटरवर काहीतरी करतो. काय करतो ते त्याच्या वडिलांना अजून कळलेलं नाही, मला कळल्यासारखं दाखवावं लागतं. त्याने येताच जाहीर केलं, "भाऊजी, औंदा टूर्नामेंट."

मामींनी, म्हणजे आमच्या सासूबाईंनी, स्वयंपाकघरातून विचारलं, "पोलीस येतीन नं रे?"

"आई, रमी कौशल्याचा खेळ हाय असं सुप्रीम कोर्टानं १९६७ साली सांगून ठेवलं हाय."

"मंग तुमी रमी खेळून रायले का?"

"नाई."

ह्या उलटतपासणीनंतर पैसे लावायचं रद्द झालं. बक्षीस ठरलं, गावरान आंब्याची एक पाटी. चिप्स म्हणून तुरीचा दाणा एक रुपयाचा, हरभरा पाचाचा आणि भुईमुगाची शेंग पंचवीसची. प्रत्येकाला शंभर तुरी, तीस हरभरे आणि दहा शेंगा, म्हणजे पाचशेचा माल. मी लेखा शाखेत असल्यामुळे हे वाटप माझ्याकडे आलं. हिशेब एकदम चोख होता. त्या संध्याकाळी माझ्या हातून झालेलं हे शेवटचं बरोबर काम.

खेळायला सात जण. मी, अकोल्याचा साडू, मेव्हणा, मामाजी, म्हणजे आमचे सासरे, त्यांचे चुलतभाऊ, ज्यांना सगळा गाव काका म्हणतो, एक निवृत्त गुरुजी, आणि शेजारचे अडते, जे आयुष्यभर शेतकऱ्यासमोर चेहरा पाडून कापसाचा भाव सांगत आले आहेत. पोकरचं प्रशिक्षण याहून वेगळं नसतं, हे मला नंतर समजलं.

खेळ सोपा आहे. प्रत्येकाला दोन पानं, ती झाकून बघायची. मध्ये हळूहळू पाच पानं उघडी पडतात. आपली दोन आणि ती पाच, ह्या सातांतून ज्याची पाच पानं चांगली बसतील त्याची तूर. मध्ये मध्ये बोली वाढते, पटलं नाही तर पानं टाकून द्यायची. मेव्हण्याने सांगितलं, "भाऊजी, यात पत्त्यांपेक्षा जागा महत्त्वाची. जो शेवटी बोलतो त्याला सगळ्यांचं समजून गेलेलं असतं. पयला बोलणारा आंधळ्यावानी बोलते. म्हणून जागा दर डावाले फिरते."

"फिरते म्हंजे?" मामाजींनी विचारलं.

"म्हंजे या डावाले भाऊजी पयले, पुढच्या डावाले काका पयले."

मामाजींनी तंबाखू मळायची थांबवली. "थोरला जवाई बसेल असताना काका पयले बोलन?"

"बाबा, खेळाचा नियम हाय. जागा फिरत असते."

"जागा फिरत असन," मामाजी म्हणाले, "जवाई फिरत नसते."

मी 'असू द्या, असू द्या' म्हणालो. पण ज्या सुरात म्हणालो तो सूर 'राहू द्या, राहू द्या' म्हणत टॉवेल-टोपी घेणाऱ्या माणसाचा होता. पत्ते कोणीही पिसो, कोणीही वाटो, पहिलं बोलणं माझं ठरलं. साडू धाकटा जावई. तो माझ्या डाव्या हाताला बसला आणि त्याने चेहऱ्यावर अत्यंत आदर आणला. तो आदर त्याने शेवटपर्यंत उतरवला नाही.

पहिल्याच डावाला मला आले किलवरचा गुलाम आणि बदामाची नव्वी.

आता पानांविषयी थोडं बोललं पाहिजे. दोन पानांच्या जोड्या होतात १,३२६, असं मेव्हणा म्हणाला. मी मोबाइलवर गुणून पाहिलं, बरोबर निघालं. दोन एक्के येतात सरासरी २२१ डावांत एकदा. तेव्हा फार चांगली पानं येत नाहीतच, आणि आली तर ती मठ्ठ माणसालाही खेळता येतात. फार वाईट पानं आली, समजा सत्ती आणि दुर्री, तर ती टाकायला अक्कल लागत नाही. माणसाला बुडवतात ती बरी पानं. 'कसं काय?' 'बरं आहे' यातली बरी. गुलाम-नव्वीला वाईट म्हणता येत नाही. एक चित्राचं पान आहे, दुसरंही अगदीच दुर्री-तिर्री नाही, दोघांत फक्त दश्शीचं अंतर आहे. लांबच्या नात्यातली माणसं एका गाडीत बसावी तशी ती माझ्या हातात बसली होती. त्यांना उतरून जा म्हणणं माझ्या जिभेवर येईना.

"जवाईबुवा, बोला."

टाकतो, असं म्हणायला हवं होतं. पण विचार करा. उन्हातान्हात राजूर घाट उतरून तुम्ही आलेले. दुपारी आग्रहाने चौथी पोळी वाढलेली. सहा माणसं तुमच्या तोंडाकडे बघतायत, ओट्यावर बायकांची रांग, त्यात आपली बायको. आणि तुमच्या तोंडून पहिला शब्द काय निघावा, तर 'टाकतो'? मी दोन हरभरे पुढे सरकवले.

अडत्यांनी माझ्याकडे पाहिलं, माझ्या हरभऱ्यांकडे पाहिलं, आणि कापसात ओल जास्त आहे असं सांगताना करतात तसं तोंड करून चार हरभरे टाकले. मी त्यांच्याबरोबर गेलो. एकदा निघाल्यावर वाटेत मोताळ्यात थोडंच उतरता येतं. नऊ हरभरे गेले.

दुसऱ्या डावाला एक्का आणि तिर्री. एक्का दिसला की माझ्या डोळ्यांवर झापड येते, तिर्री दिसत नाही. मध्ये एक्का पडलाही. मी मनातल्या मनात आंब्याची पाटी गाडीच्या डिकीत ठेवली. शेवटी पानं उघडली तर अडत्यांकडेही एक्काच, पण त्याच्यासोबत राजा. दोघांचा एक्का सारखाच, तेव्हा सोबतचं पान बघतात. गुरुजींनी हे मला स्थळाच्या भाषेत समजावलं, "मुलगा दोन्हीकडे सारखाच गुणी. पण त्यांच्याकडे मुलासोबत राजा आला, तुमच्याकडे मुलासोबत भाड्याची खोली."

तिसऱ्या डावाला राजा-सत्ती, दोन्ही बदामाची. एका रंगाची पानं आली की मला उगाच शुभ वाटतं. एका रंगाने जेमतेम दोन-तीन टक्क्यांचा फरक पडतो, असं मेव्हण्याने नंतर सांगितलं. आधी सांगितलं असतं तरी मी खेळलोच असतो. रंग जुळलाय ना, मग पुढचं आपोआप जुळेल, ह्या भरवशावर आमच्याकडे घरंच्या घरं रंगवली जातात.

या सगळ्या काळात मामाजी काय करत होते? ते बसले होते सगळ्यांत शेवटी, वाटणाऱ्याच्या जागेवर. घरचा माणूस शेवटी बसतो, पंगतीतसुद्धा, त्यामुळे ती जागा कोणी मागितली नाही आणि त्यांनी सोडली नाही. पानं उचलायचे, अंगठ्याने कोपरा वर करून बघायचे, माझं बोलणं ऐकायचे, मग बाकीच्यांचं, आणि पानं खाली ठेवून म्हणायचे, "टाकली." एका तासात त्यांनी हा एकच शब्द वापरला. मला त्यांची दया आली. बिचाऱ्यांना पानंच येत नाहीत, असं मी साडूच्या कानात म्हणालो. साडू आदराने हसला.

माझ्यासमोरचा ढीग खाली येत होता, तेव्हा मेव्हण्याला माझी कीव आली आणि त्याने धीर द्यायला दोन गोष्टी सांगितल्या. त्या त्याने सांगायला नको होत्या. पहिली, अमेरिकेतला डॉयल ब्रन्सन नावाचा खेळाडू १९७६ आणि १९७७ अशी लागोपाठ दोन वर्षं लास व्हेगासला वर्ल्ड सिरीज जिंकला, आणि दोन्ही वर्षी शेवटच्या डावात त्याच्या हातात होती दश्शी आणि दुर्री. दश्शी-दुर्री! आपण जी पानं बघून घरी जावं म्हणतो, ती. दुसरी गोष्ट, २००३ साली ख्रिस मनीमेकर नावाचा माणूस ८६ डॉलरच्या ऑनलाइन स्पर्धेतून वर चढत चढत त्याच वर्ल्ड सिरीजमध्ये पोचला, आणि ८३९ जणांत पहिला येऊन २५ लाख डॉलर घेऊन गेला.

"काय करायचा तो?" मी विचारलं.

"अकाउंटंट होता, भाऊजी."

झालं. लेखा शाखेचा माणूस जिंकू शकतो, हे एकदा कळल्यावर मला आवरणं मेव्हण्याच्या हातात राहिलं नाही. राहिलेल्या ८३८ जणांत किती अकाउंटंट होते, हे मी विचारलं नाही. दश्शी-दुर्री घेऊन उन्हात गेलेल्या बाकीच्या माणसांची चौकशीही केली नाही. त्यांच्या नावाने कोणी दश्शी-दुर्रीला ओळखत नाही, ब्रन्सनच्या नावाने ओळखतात.

आणि योगायोग बघा, दोनच डावांनी मला दश्शी आणि दुर्री आली. मी न डगमगता एक शेंग पुढे केली. त्याच क्षणी मामी रसाच्या वाट्या घेऊन आल्या. रसाची वाटी दोन हातांनी धरावी लागते, आणि हातात पत्ते असतील तर ते ठेवावे लागतात. एकेकाने पानं खाली ठेवली, काकांनी तर वाटीखालीच ठेवली, ती चिकटली. मेव्हणा म्हणाला, "सगळ्यांची टाकली धरतो." मी जिंकलो.

तो डाव मी माझ्या हुशारीवर जिंकला असं त्या वेळी मला वाटलं, आणि खरं सांगायचं तर आजही तसंच थोडं वाटतं. त्या एका विजयानंतर मी अठरा डाव सलग खेळलो. एकही टाकला नाही. राणी-पंजी खेळलो, गुलाम-छक्की खेळलो, एकदा दोन चव्व्या आल्या तर भाऊ-भाऊ म्हणून खेळलो. कोणी 'टाकून द्या नं' म्हणालं की मी ब्रन्सनचं नाव घ्यायचो. काकांना वाटलं, हे आमच्या हापिसातले साहेब असावेत.

मध्येच एक कज्जा उद्भवला. टूर्नामेंटमध्ये ठरावीक वेळाने बोली दुप्पट करावी लागते, नाहीतर खेळ संपत नाही. त्यासाठी मेव्हण्याने मोबाइलवर घंटा लावली होती, पण मोबाइल चार्जिंगला आणि लाइट गेलेली. तेव्हा ठरलं, वरणाच्या कुकरची शिट्टी झाली की बोली दुप्पट. मामींनी दोन घरांचा स्वयंपाक काढला होता. तीन शिट्ट्या लागोपाठ झाल्या आणि एका मिनिटात बोली आठपट झाली. मी तोंडात आलेला शब्द गिळला आणि सवयीने समोरची एक शेंग फोडून खाल्ली.

"भाऊजी! ते पंचवीस रुपये होते."

मग लक्षात आलं की मी मघापासून खातोय. माझ्यासमोर टरफलांचा जो ढीग होता तो एकूण दीडशे रुपयांचा निघाला. खाल्लेली शेंग खेळात धरायची की नाही यावर गुरुजींचा निवाडा मागितला. त्यांनी सांगितलं, "पोटात गेलेली शेंग ही मालकाची. टरफल पटावर असलं तरी त्याला किंमत नाही." हा निवाडा मला अजून मान्य नाही. तेवढ्यात शेजारची शेळी सतरंजीवर आली आणि तिने माझे उरलेले हरभरे बघितले. फक्त माझेच. साडूचे तिने बघितलेही नाहीत.

गुरुजी मात्र रंगात आले होते. म्हणाले, "हा काही आजचा रोग नाही. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात जुगाऱ्याचं एक सूक्त आहे. बायको सोडून गेली, सासू तोंड बघेना, तरी फाशांचा आवाज आला की ह्याचे पाय तिकडेच वळतात."

सासू म्हटल्यावर मामींनी ओट्यावरून कान दिला.

"मग शेवटी काय होतं?" मी विचारलं.

"शेवटी त्याला सांगितलं जातं, फासे सोड आणि शेती कर."

यावर अंगणात एकदम शांतता पसरली. मामाजी, काका आणि अडते एकमेकांकडे बघत राहिले. मग काकांनी सावकाश विचारलं, "गुरुजी, त्या ऋषीचं वावर वलिताचं व्हतं का कोरडवाहू?"

अडते इतके हसले की त्यांची पानं उघडी पडली. त्या संध्याकाळी त्यांचा चेहरा फुटलेला मी पाहिला तो एवढाच.

माझा शेवट फार लांबवत नाही. समोर सतरा तुरी, दोन हरभरे आणि एक शेंग उरली होती. हातात आली राणी-दश्शी. पुन्हा बरी पानं. मी सगळं पुढे ढकललं आणि 'ऑल इन' म्हणालो. मामींना ऐकू गेलं 'आलो नं', त्या म्हणाल्या, "या, ताटं वाढली." साडूने टाकली. काकांनी टाकली. अडत्यांनी टाकली, गुरुजींनी टाकली, मेव्हण्याने टाकली. राहिले मामाजी. त्यांनी कोपरा उचलून पाहिला. तंबाखूची पिंक टाकून आले. बसले. आणि दोन तासांत पहिल्यांदा दुसरा शब्द बोलले, "खेळलो."

दोन राजे.

मध्ये एक राणी पडली तेव्हा ओट्यावर माझी बायको उभी राहिली. मग काही पडलं नाही, तेव्हा ती बसली. सात जणांत मी सातवा आलो. पहिला बोलणारा पहिला उठला.

"तुमाले पानं त बरी येत व्हती," मामाजी मला सांत्वनपर म्हणाले. "टाकून द्याले काय लागत व्हतं?"

पाटी त्यांनीच जिंकली. आंबे त्यांच्याच झाडाचे होते.

दुसऱ्या दिवशी पहाटे आम्ही सगळे भेंडवळला गेलो. आखाजीच्या संध्याकाळी तिथल्या शेतात घटमांडणी करतात, आणि ही रीत साडेतीनशे वर्षांची असल्याचं सांगतात. मध्ये खड्डा, त्यात चार ढेकळं, ती म्हणजे पावसाळ्याचे चार महिने. वर पाण्याची घागर, तिच्यावर पापड, पुरी, कुरडई, आणि भोवती अठरा धान्यांचे दाणे. रात्रभर तिथे कोणी जायचं नाही. पहाटे बघायचं, कोणतं ढेकूळ किती भिजलं, कोणता दाणा आपल्या जागेवरून हलला, आणि त्यावरून पाऊस, पीक आणि राजकारण सांगायचं. अंधश्रद्धा निर्मूलनवाले दरवर्षी विरोध करतात, आणि घाटाखालचे शेतकरी दरवर्षी येतात. आम्ही उभे होतो तिथून काही ऐकू येत नव्हतं. परतताना काकांनी एक सांगितलं, अडत्यांनी दुसरं, आणि मामाजींनी जे ऐकलं ते त्यांच्या मनातलं होतं.

त्यांच्या मनात कपाशी होती.

त्या वर्षी मॉन्सून २६ मे रोजीच मुंबईत पोचला. आमच्याकडेही मेच्या शेवटी पाऊस पडून गेला. कृषी विभाग घसा फोडून सांगत होता, ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका. मी ते कात्रण मामाजींना व्हॉट्सॲपवर पाठवलं. त्यांनी हात जोडलेलं चित्र टाकलं. चार दिवसांनी बायकोने सांगितलं, बाबांनी तीन एकरांत सरकी टोबली.

मी फोन लावला. माणूस सहसा फोनवर शहाणा असतो, मी तर खूपच होतो. "मामाजी, एवढी काय घाई?"

"ओल बरी हाय, जवाईबुवा."

"बरी म्हणजे किती?"

"वाईट नाई. अन् आभाय चारी कून एका रंगाचं हाय."

एका रंगाचं! मला बदामाची राजा-सत्ती आठवली. "अजून गावात कोणी लावली?"

"लावतीन न. पयली सरकी आपल्याच वावरात पडत असते. आमच्या बापाच्या टायमापासून. गावाचा मान हाय तो."

"मग पाऊस नाही आला तर?"

"गुदस्ता काशीनाथनं मृगाच्या आधी लावली व्हती. पिकली नं त्याची?"

मला तिकडून ब्रन्सन बोलतोय असं वाटलं. मृगाच्या आधी लावून करपलेल्या बाकीच्या वावरांचे मालक त्यांना आठवेनात. मी म्हणालो, "मामाजी, टाकून द्याले काय लागत व्हतं?" घाटावरच्या माणसाच्या तोंडात वऱ्हाडी बसत नाही, त्यामुळे ते जरा टोमण्यासारखं लागलं. त्यांनी फोन मामींकडे दिला.

पाऊस जो दडून बसला, तो जूनच्या मध्यापर्यंत. सरकी वर आली, दोन पानं दाखवली आणि माना टाकल्या. मामाजींनी पुन्हा बॅगा आणल्या आणि दुबार लागवड केली. गावात बाकीच्यांनी त्याच वेळी पहिल्यांदा केली. ते शेवटी बोलले होते.

पुढे जुलैत राज्याचे कृषिमंत्री सभागृहात मोबाइलवर रमी खेळत असल्याचा व्हिडिओ फिरला. मंत्री म्हणाले, जाहिरात आली होती, ती बंद करत होतो. थोड्याच दिवसांत त्यांचं कृषी खातं गेलं आणि क्रीडा खातं आलं. मामाजी हे ऐकून बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "आमचं बी असं बदलून भेटते का, विचारजा." ऑगस्टात संसदेने पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळच बंद केले, त्यात मेव्हण्याचं पोकरचं ॲप गेलं. मामींनी त्या दिवशी शेगावला जाऊन नारळ फोडला.

मी मात्र अभ्यासाला लागलो होतो. रोज रात्री जेवण झाल्यावर एकटाच पत्ते वाटायचो आणि एकटाच म्हणायचो, "टाकली." बायको म्हणाली, हा शब्द संसारात आधी शिकला असता तर रद्दी तरी कमी झाली असती. राजा-सत्ती टाकायला शिकलो. एक्का-तिर्री टाकायला शिकलो. गुलाम-नव्वीला आठ दिवस लागले, पण तीही टाकली. राहिला होता फक्त पहिल्या जागेचा प्रश्न. दिवाळीला भाऊबीजेसाठी जायचं होतं, आणि मेव्हण्याने अंगणातली टूर्नामेंट पुन्हा ठरवली होती. मी बायकोला म्हणालो, "तुझ्या आईला सांग, मला ह्या वेळी सगळ्यांत शेवटी बसवा. मान वगैरे काही नको."

तिने लगेच फोन लावला. स्पीकर सुरू होता.

"हौ," मामी म्हणाल्या, "मंग धाकल्या जवायाले बसवतो पयले. त्याईले पयला मान देतो औंदा."

मी बायकोच्या हातातून फोन घेतला.

भाऊबीजेच्या रात्री पहिला मीच बोललो. हातात चौकटचा राजा आणि इस्पिकची पंजी होती.